दोन इंचांचा शिपाई

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत सदतीस वर्षं काढल्यामुळे वेळेत हिशेब मिटवायची सवय आहे, तेव्हा कोणी घड्याळाकडे बघू नये.

माझा छंद काय आहे हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे, पण त्याला म्हणायचं काय हे कोणालाच ठाऊक नाही. बी विंगमधले एक स्नेही मला ‘सेनापती’ म्हणतात. कुरियरवाला मुलगा खोक्यावरचं लेबल वाचून दर वेळी विचारतो, “काका, नातू आलाय वाटतं?” मी सांगतो, “नाही रे बाबा, माझंच आहे.” तो हसतो, सही घेतो आणि लिफ्टमध्ये शिरताना पुन्हा एकदा वळून बघतो. पंचाहत्तरीचा माणूस खेळण्यातले शिपाई मागवतो, रंगवतो आणि टेबलावर मांडून त्यांच्याकडे बघत बसतो, हे दृश्य जरा गमतीचं आहे हे मलाही मान्य आहे.

पण हा छंद आपल्याला परका नाही. लहानपणी ज्यांनी ज्यांनी दिवाळीत किल्ला केला, त्या सर्वांनी तो केलेला आहे. विटा आणि दगड रचायचे, त्यावर गोणपाट टाकायचं, चिखलाने लिंपायचं, हळीव पेरायचे, गेरूने रस्ते काढायचे आणि मग बाजारातून मातीचे मावळे आणायचे. साताऱ्याला आमच्या वाड्यात आम्ही सात-आठ मुलं होतो. मावळ्याच्या हातातला भाला पहिल्याच दिवशी मोडायचा, मग काडेपेटीची काडी चिकटवायची. वाघ गुहेपेक्षा मोठा असायचा. महाराज तर सिंहासनासकट अख्ख्या बुरुजाएवढे! कोणालाही त्यात काही चुकतंय असं वाटत नसे. मोठे ते मोठेच दिसणार.

फरक इतकाच, की तुळशीचं लग्न झालं की बाकीचे लोक मावळे खोक्यात घालून माळ्यावर टाकतात. काही माणसं मात्र ते आयुष्यभर खाली ठेवत नाहीत. मी त्यांतला.

जगभर अशी माणसं पुष्कळ आहेत. जर्मनीत न्यूरेंबर्ग शहर कथलाच्या चपट्या शिपायांसाठी प्रसिद्ध होतं. एकोणिसाव्या शतकात तिथले कारागीर पाटीवरच्या दगडात साचा कोरून असे शिपाई ओतायचे आणि ते युरोपभर जायचे. मग १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन नावाच्या खेळणीवाल्याच्या घराण्यात एक युक्ती निघाली. शिशाचा रस साच्यात ओतायचा, बाहेरचा थर थिजला की आतला पातळ रस लगेच ओतून काढायचा. शिपाई आतून पोकळ! शिसं कमी लागलं, वजन कमी झालं, किंमत खाली आली आणि जर्मन मालाला इंग्लंडमध्ये तगडा स्पर्धक उभा राहिला. बँकेत असतो तर या माणसाला मी दुसऱ्या दिवशी कर्ज मंजूर केलं असतं. त्यांच्या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून जरा जास्त. आजही जगात हे माप प्रमाण मानतात. लाल खोक्यात एकेका पलटणीचा संच यायचा आणि त्यांच्या यादीत मुंबई इलाख्याच्या घोडदळाचे व देशी पायदळाचे संचही होते. लहान मुलं शिपाई तोंडात घालतात, त्यामुळे पुढे शिशाची भीती कळली आणि १९६६ च्या सुमाराला ते शिपाई बंद झाले. तोवर प्लास्टिक आलंच होतं. तुमच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी बंदूक रोखून उभा असतो ना, हिरवा प्लास्टिकचा शिपाई, तो अमेरिकेतून आलेला पाहुणा. तिकडे तो १९३८ पासून आहे. आपल्या मुलांनी त्याला प्रतापगडावर नोकरी दिली, हे मला फार आवडतं.

आता या छंदातून प्रेरणा मिळते का? मिळते, पण कशी मिळेल ते सांगता येत नाही. विन्स्टन चर्चिल यांच्याकडे लहानपणी जवळजवळ दीड हजार शिपाई होते. एकदा वडील पाहणीला आले. वीस मिनिटं त्यांनी मांडलेली फौज बारकाईने बघितली आणि विचारलं, “सैन्यात जायला आवडेल का?” मुलगा हो म्हणाला. त्याला वाटलं, वडिलांनी आपल्यातला सेनानी ओळखला. पुढे कित्येक वर्षांनी त्याला कळलं की, हा वकिलीला लागणारी हुशारी याच्यात नाही असा वडिलांचा निष्कर्ष होता! ही हकिकत चर्चिल यांनीच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. हिंदुस्थानाबद्दल त्यांचं मत काय होतं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे मी त्यांचा चाहता नाही. पण पालकांनी मुलांच्या खेळाकडे बघून झटपट निष्कर्ष काढू नयेत, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

मला खरी पटलेली गोष्ट दुसरी आहे. माझी मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिच्याकडे गेलो असताना ती आम्हा दोघांना हावर्थ नावाच्या गावी घेऊन गेली. तिथे ब्रॉन्टे भगिनींचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय झालंय. ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबऱ्या अनेकांनी वाचल्या असतील, निदान सिनेमा पाहिला असेल. त्या दोन्ही १८४७ साली त्याच घरातून बाहेर पडल्या. आता त्याच्या एकवीस वर्षं मागे चला. जून १८२६. घरात चार मुलं. आई वारलेली. दोन थोरल्या बहिणी आदल्याच वर्षी लागोपाठ गेलेल्या. वडील धर्मोपदेशक. ते लीड्सला गेले आणि येताना मुलासाठी लाकडी शिपायांचा एक डबा घेऊन आले. डब्यात बारा शिपाई.

सकाळी भावाने तो डबा बहिणींना दाखवला. दहा वर्षांच्या शार्लटने झडप घालून एक शिपाई उचलला आणि जाहीर केलं की हा माझा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. भावाचा शिपाई अर्थातच नेपोलियन. एमिलीचा शिपाई जरा गंभीर चेहऱ्याचा होता, म्हणून त्याचं नावही गंभीरच ठेवलं. या शिपायांना राहायला राज्य हवं, म्हणून मुलांनी राज्यं रचली. राज्याला इतिहास हवा, नकाशे हवेत, वर्तमानपत्र हवं. आणि वर्तमानपत्र शिपायांना वाचता आलं पाहिजे, म्हणून मुलांनी काडेपेटीएवढी पुस्तकं शिवली आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहून काढली. ती पुस्तकं मी काचेआड पाहिली आहेत. चष्मा पुसून पुसून पाहिली. त्यांतलं एक २०१९ साली पॅरिसमध्ये लिलावाला आलं, तेव्हा त्या संग्रहालयाने लोकांकडून वर्गणी गोळा करून ते ६ लाख युरोंना परत मिळवलं.

आपल्यासाठी त्यात आणखी एक धागा आहे. शार्लटच्या लाकडी शिपायाला ज्या वेलिंग्टनचं नाव मिळालं, तो आपल्याकडे येऊन गेलेला. जालना जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी त्याची लढाई झाली आणि आपण हरलो. तेव्हा तो वेलिंग्टन झाला नव्हता, आर्थर वेलस्ली होता. असईच्या माळावर पडलेल्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. तेवीस वर्षांनी त्याच सेनापतीचं नाव यॉर्कशायरमधल्या एका पोरक्या मुलीच्या मुठीत खेळणं होऊन बसलं. इतिहास असा कुठून कुठे फिरून येतो.

हावर्थहून परतताना माझी पत्नी गाडीत म्हणाली, “घरात दोन मुली गेल्या आणि त्या बापाने शिपाई आणले. शहाणा माणूस.” त्या वेळी मी ते वाक्य तसंच सोडून दिलं होतं. त्याचा अर्थ मला नंतर कळायचा होता.

आता थोडं माझं सांगतो. नोकरीत असताना मला छंदाला वेळ नव्हता. बदल्या सतरा ठिकाणी झाल्या. त्यांतली सावंतवाडीची तीन वर्षं मात्र माझ्या कामी आली. तिथे चितारआळी आहे, लाकडी खेळणी आणि फळं रंगवणाऱ्या कारागिरांची. एका वृद्ध चितारी काकांचं आमच्या शाखेत खातं होतं. शनिवारी अर्धा दिवस संपला की मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायचो. त्यांनी मला रंगकाम शिकवलं नाही, बसायला शिकवलं. ते म्हणायचे, “साहेब, ब्रश हाताने धरायचा, पण रंग श्वासाने लावायचा. श्वास सोडताना रेघ ओढा, बघा थरथरते का.” आजही मी तसंच करतो.

२०१० साली निवृत्त झालो. बँकेत आयुष्यभर तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या, निवृत्त झाल्यावर किल्ले सांभाळायला लागलो. प्रथम बाजारातले मातीचे मावळेच आणून नव्याने रंगवले. मग परदेशातून कोरे शिपाई मागवले. पद्धत साधी आहे. शिपायाला बाटलीच्या बुचावर चिकटवायचं, म्हणजे बोट न लावता फिरवता येतो. आधी अस्तराचा एक हात. तो वाळला की अंगाचा रंग, मग कपड्यांचा, मग सगळ्यात शेवटी डोळे, मिशा आणि तलवारीची धार. रंग पातळ ठेवून दोन हात द्यायचे, घट्ट एक हात देऊ नये. चुण्यांमध्ये गडद पाणी सोडायचं, उंचवट्यांवर कोरडा ब्रश हलकेच फिरवायचा. मग वार्निश. एका शिपायाला मला चार दिवस लागतात. घाई करणारा कोणी नसतो, ताळेबंद नसतो, इन्स्पेक्शन नसतं.

माझ्या पत्नीला सुरुवातीला हे सगळं म्हणजे टेबल अडवणं वाटायचं. पण रंगांचं ज्ञान तिचं. मी मावळ्याचं मुंडासं डबीतल्या लाल रंगाने रंगवलं, तर ती लांबूनच म्हणाली, “हा कसला लाल? हा पोस्टाच्या पेटीचा लाल. तेव्हा असा रंग कुठून मिळणार? कुसुंबी करा, जरा विटका.” मला लाल, हिरवा, निळा एवढेच रंग माहीत. तिच्याकडे आमसुली, डाळिंबी, शेवाळी, अबोली, चिंतामणी, मोतिया असे पैठणीच्या दुकानातले सगळे रंग होते. शिवाय तिचं म्हणणं बरोबर होतं. शिवकाळातल्या मावळ्याला ठरलेला गणवेश नव्हता. जो तो आपल्या घरचं नेसून, आपलं पागोटं बांधून यायचा. म्हणजे पन्नास मावळे रंगवायचे तर पन्नास घरांचे कपडे रंगवायचे. इंग्रजी पलटण रंगवणं त्यामानाने सोपं, एक रंगवला की बाकीचे तसेच.

२०१६ च्या अखेरीला तिचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, नंतर तीनदा. एकेका वेळी चार तास. त्या चार तासांत बोलण्यासारखं फार उरत नाही, आणि न बोलता बसलं की मन नको तिकडे जातं. मी नर्सताईंची परवानगी घेऊन रंगांचा छोटा डबा न्यायला लागलो. वास न येणारे, पाण्यात मिसळणारे रंग. ती पलंगावरून सांगायची, मी रंगवायचो. “याच्या शेल्याला किनार हवी.” “हा म्हातारा दिसतोय, याच्या मिशा पांढऱ्या करा.” शेजारच्या पलंगावरचे एक गृहस्थ, आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, तेही सूचना करायला लागले. अडीच वर्षांत त्या वॉर्डात एकशे बारा मावळे तयार झाले. एके दिवशी तिने मोकळ्या हाताने एका मावळ्याचा कंबरबंद स्वतः रंगवला. शेवाळी रंगाचा. रेघ थोडी बाहेर गेली आहे. ती तशीच ठेवून वर वार्निश दिलं आहे.

२०१९ च्या जूनमध्ये ती गेली. चहाला दोन कप पाणी ठेवायची सवय मोडायला मला सहा महिने लागले. त्या काळात लोक येऊन सांगायचे, मन रमवा, भजनाला या, सहलीला चला. सगळे प्रेमाने सांगत होते. पण मन रमवायला आधी ते एका जागी बसावं लागतं. माझं मन दोन इंचांच्या जागेत बसलं. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळा काढताना दुसरं काही मनात येऊच शकत नाही. आलं, तर डोळा चुकतो. सकाळी दहा ते बारा मी त्या मावळ्यापुढे बसायचो आणि बारा वाजता उठलो की जेवायची इच्छा व्हायची. हावर्थच्या त्या बापाने शिपाई का आणले असतील, ते मला तेव्हा समजलं.

मी हे दुःख सांगायला उभा नाही. सांगायचं ते इतकंच की, हा शिपाई लहान आहे म्हणून त्याच्याकडे नीट बघावं लागतं. आणि एकदा नीट बघायची सवय लागली, की आनंद कुठे शोधायला जावं लागत नाही. मला आता रस्त्यावरच्या पोत्याचा रंग दिसतो, वॉचमन काकांच्या पट्ट्याचं बक्कल दिसतं, पारिजातकाच्या देठाचा केशरी दिसतो. सत्तर वर्षं हे सगळं इथेच होतं.

आता एक आक्षेप. आपल्याच सोसायटीतल्या एका शिक्षिका ताईंनी मला विचारलं होतं, “काका, मुलांच्या हातात शिपाई देऊन तुम्ही त्यांना लढाईची गोडी लावत नाही का?” प्रश्न रास्त आहे. एच. जी. वेल्स, तेच ‘टाइम मशीन’वाले, यांना या खेळाचं फार वेड. जमिनीवर पुस्तकांचे डोंगर रचायचे, ब्रिटनचे शिपाई मांडायचे आणि खेळण्यातल्या तोफेतून इंचभर लाकडी गोळी मारून समोरचे शिपाई पाडायचे. त्याचे नियम लिहून त्यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक काढलं. त्या पुस्तकाच्या शेवटी त्यांचं सांगणं असं की, ही छोटी लढाई तीन-चार वेळा खेळून बघा, म्हणजे खरी मोठी लढाई किती मूर्खपणाची असेल ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. शहाणपणाची पुस्तकं सेनापती वाचत नाहीत, ही जुनी अडचण आहे.

ताईंना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. उत्तर एका मुलाने दिलं. तीन वर्षांपूर्वी किल्ल्याचं काम चाललं होतं. पहिलीतला एक मुलगा माझ्याशेजारी मावळे पुसत बसला होता. त्याने एक मावळा हातात धरून विचारलं, “आजोबा, लढाई संपल्यावर हा घरी कधी जातो?”

मुलांनो, त्या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. मी तोवर चारशेच्या वर शिपाई रंगवले होते. एकालाही घर दिलं नव्हतं. मग मी वेगळी माणसं करायला लागलो. भाकरी खात बसलेला मावळा. पायातला काटा काढणारा. घोड्याला पाणी दाखवणारा. पत्र वाचून घेणारा, कारण त्याला स्वतःला वाचता येत नाही. त्याच्या गावातली चूल फुंकणारी बाई. आपल्या किल्ल्यावर पूर्वीपासून गवळण असते, भाजीवाली असते, हिरकणी असते. आपल्या आजी-पणजींच्या वेळेपासून मुलांना हे ठाऊक होतं, की किल्ला म्हणजे नुसते भालेकरी नव्हेत.

आणि एक शिपाई मी खऱ्या माणसाचा केला. नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा मुलगा, मराठा पलटणीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा पुढे धावला, हातबाँब टाकला, मशिनगनच्या ठाण्यातले सगळे लोळवले आणि तिथेच शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. वय बावीस. त्याची समाधी नाही, इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे. हा शिपाई रंगवायला मला चार दिवस नाही, तीन आठवडे लागले. बावीस वर्षांच्या मुलाचा चेहरा रंगवायला बसलात, तर लढाईची गोडी लागत नाही. ताई, हे माझं उत्तर.

आता आपल्या किल्ल्याकडे येतो. सी विंगच्या मागे, पंप रूमशेजारी, चिंचेखाली आठ बाय दहाचा तो कोपरा. ताबा मिळाल्यावरच्या पहिल्या दिवाळीत बिल्डरने टाकलेल्या तुटक्या विटा आणि रेती यांतून तिथे पहिला किल्ला झाला. तेव्हा एकमेकांची आडनावंसुद्धा धड माहीत नव्हती. त्या मातीत पोरं खेळली आणि मग आया-बाप बोलायला लागले. पुढे राजगड झाला, पन्हाळा झाला, निळ्या प्लास्टिकच्या समुद्रात सिंधुदुर्ग झाला. ज्याने पहिल्या किल्ल्यावर झेंडा लावला, त्याची मुलगी गेल्या दिवाळीत हळीव पेरत होती. २०२० साली एकत्र जमता येत नव्हतं, तेव्हा मुलं असलेल्या प्रत्येक घराच्या दाराशी मी पाच-पाच मावळे ठेवले होते आणि त्या वर्षी आपल्या सोसायटीत एक नाही, सव्वीस किल्ले झाले, गॅलऱ्यांमध्ये. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्याच दिवाळीत आपल्या मुलांनी जिंजी केली. तिन्ही डोंगर केले. गुगलवर नकाशा बघून सातवीतल्या मुलीने मला तटबंदी समजावून सांगितली.

हा कोपरा पेव्हर ब्लॉक घालून पार्किंगला घ्यावा, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. मी नऊ वर्षं खजिनदार होतो. दोन गाड्यांच्या जागेचं वर्षाचं उत्पन्न किती, हे मला तोंडपाठ आहे, आणि ज्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही त्यांची अडचण खरी आहे. पण ताळेबंदात दोन बाजू असतात. त्या आठ बाय दहाने पंचवीस वर्षांत आपल्याला काय दिलं, ती रक्कम कुठल्याच खात्यात दाखवलेली नाही म्हणून ती शून्य होत नाही. मतदानाच्या वेळी एवढं ध्यानात ठेवावं, ही विनंती. निर्णय सभेचा, तो मला मान्य असेल.

दुसरी गोष्ट. माझा उजवा हात अलीकडे कापायला लागला आहे. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून, कोपर टेबलावर ठेवून मी अजून रंगवतो, पण डोळे काढायला आता मला तरुण हात लागतात. म्हणून माझे सगळे शिपाई, सहाशे सात आहेत, मोजून यादी केली आहे, मी सोसायटीला देत आहे. ऑफिसमधल्या काचेच्या कपाटात ते राहतील. अट एकच: कपाटाला कुलूप लावायचं नाही. आयुष्यभर कुलपं सांभाळलेला माणूस हे सांगतोय, म्हणजे विचार करून सांगतोय. मुलांनी ते हाताळावेत, मोडावेत, चिकटवावेत. शेवाळी कंबरबंदाचा मावळाही त्यातच आहे. कुठला ते सांगणार नाही, शोधा.

दर रविवारी दहा ते अकरा मी हॉलमध्ये बसेन. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी यावं, मोठ्यांनीही यावं. महागडं काही आणू नका. दिवाळीतले मातीचे चार मावळे, दोन बारीक ब्रश, अ‍ॅक्रिलिकच्या सहा डब्या आणि जुना फडका. मातीचा मावळा पाण्याने धुऊ नका, रंगासकट विरघळेल. कोरड्या ब्रशने झटका, मग फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्याचा एक हात द्या. तो वाळला की रंग धरतो.

वेळ संपत आली. पंचवीस या आकड्यावरून हान्स अँडरसनची १८३८ सालची एक गोष्ट आठवते. एका डब्यात पंचवीस कथलाचे शिपाई होते, सगळे सख्खे भाऊ, कारण एकाच जुन्या चमच्यातून ओतलेले. शेवटच्याच्या वेळी कथील कमी पडलं, म्हणून त्याला एकच पाय. पण तो एका पायावर, बाकीचे दोन पायांवर उभे होते तितकाच ताठ उभा राहिला, आणि गोष्ट त्याचीच झाली. आपली सोसायटीही अशीच एका चमच्यातून ओतली आहे. कुणाला कथील जरा कमी पडलं, कुणाचे गुडघे गेले, कुणाचा जोडीदार गेला, कुणाची मुलं लांब गेली. तरी डब्यात सगळे शेजारी शेजारी उभे आहोत. रविवारी दहा वाजता भेटू. चष्मा विसरू नका.